मेंदूतील धमन्या अर्ध्या आवळलेल्या का राहतात? आयन चॅनेल आणि रक्तवाहिन्यांचा व्यास

निळी शाई (धागाकर्ता)

आरंभीच शब्दांविषयी थोडे स्पष्टीकरण देते. रक्ताच्या नळीला आपण वाहिनी म्हणतो आणि पेशीपटलातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ज्या वाटेने आतबाहेर करतात तिलाही वाहिनी म्हणता येते. या धाग्यात दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात अनेकदा येणार असल्यामुळे गोंधळ टाळण्यासाठी रक्ताच्या नळीसाठी 'रक्तवाहिनी' आणि आयनांच्या वाटेसाठी 'चॅनेल' हे शब्द वापरणार आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या स्थितीतही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. त्याच्याजवळ इंधनाचा साठा जवळजवळ नसतो, त्यामुळे रक्तप्रवाह पूर्ण थांबला तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते. शिवाय मेंदूच्या सर्व भागांना एकाच वेळी सारखे रक्त लागत नाही. डोळे उघडले की दृष्टीशी संबंधित भागातला प्रवाह एक-दोन सेकंदांत वाढू लागतो आणि डोळे मिटले की पुन्हा कमी होतो. मेंदूच्या कामाशी त्याचा रक्तपुरवठा जोडलेला असतो हा विचार रॉय आणि शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९० मध्येच मांडला होता, परंतु रक्तवाहिनीला ही गरज कळते कशी, या प्रश्नाचे उत्तर पुढची शंभर वर्षे तुकड्यातुकड्यांनीच मिळत गेले.

प्रवाह बदलण्याचा मेंदूजवळचा मुख्य उपाय म्हणजे लहान धमन्यांचा व्यास बदलणे. या धमन्यांच्या भिंतीत मृदू स्नायूंच्या पेशी कड्यांसारख्या गुंडाळलेल्या असतात. त्या आकुंचन पावल्या की धमनी अरुंद होते आणि सैलावल्या की रुंद होते. आकुंचनासाठी पेशीत कॅल्शियम वाढावे लागते. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते, त्यातून एक विकर कार्यरत होते आणि ते मायोसिनला फॉस्फेट जोडून आकुंचन सुरू करते. हे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात बाहेरून येते ते पेशीपटलातील एल-प्रकारच्या कॅल्शियम चॅनेलमधून, आणि ते चॅनेल उघडायचे की नाही हे पटलाच्या दोन बाजूंमधील विभवांतरावर ठरते. पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने जितकी जास्त ऋण, तितके हे चॅनेल बंद आणि धमनी सैल. ऋणता कमी झाली की चॅनेल उघडतात आणि धमनी आवळते.

माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे. चेतापेशी किंवा हृदयाच्या स्नायूची पेशी विश्रांतीत बरीच ऋण असते आणि क्षणभर उसळी घेऊन पुन्हा खाली येते. मेंदूतील धमनीची स्नायूपेशी तसे करत नाही. नेहमीच्या रक्तदाबाखाली ती साधारण उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास सतत टिकून असते, म्हणजे तिचे कॅल्शियम चॅनेल पूर्ण बंदही नसतात आणि पूर्ण उघडेही नसतात, आणि धमनी कायम अर्धवट आवळलेली राहते. ही स्थिती म्हणजे विश्रांती नव्हे. दोन विरुद्ध दिशांनी ओढणाऱ्या चॅनेलच्या गटांनी ती क्षणोक्षणी सांभाळलेली असते, आणि ती मध्यावर असल्यामुळेच धमनीला दोन्ही दिशांनी जाण्याची मुभा राहते. पूर्ण सैल असलेली धमनी अधिक सैल होऊ शकत नाही आणि पूर्ण मिटलेली धमनी निरुपयोगी असते.

आवळण्याच्या बाजूने पहिला धक्का रक्तदाबाचाच असतो. रक्तदाब वाढला की धमनी ताणली जाऊन रुंद होण्याऐवजी आवळते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेलिस यांनी १९०२ मध्ये दाखवले. आज आपल्याला माहीत आहे की ताणामुळे टीआरपीसी-६ आणि टीआरपीएम-४ या चॅनेलमधून धन आयन आत येतात, पेशीची ऋणता घटते आणि मग कॅल्शियम चॅनेल उघडतात. यांपैकी टीआरपीएम-४ स्वतः ताण ओळखत नाही. पेशीच्या आतले कॅल्शियम वाढले की ते उघडते, म्हणजे साखळीत ते मागाहून येते. सैलावण्याच्या बाजूने पोटॅशियमचे निरनिराळे चॅनेल काम करतात. ते उघडले की पोटॅशियम बाहेर पडते, आतली बाजू अधिक ऋण होते आणि कॅल्शियमची वाट बंद होऊ लागते. या दुसऱ्या गटावर सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

समांतर

अतिशय स्पष्ट मांडणी. व्यासाचे महत्त्व आकड्यांत सांगितल्यास वाचकांना अधिक पटेल असे वाटते. प्वाझय यांच्या नियमानुसार नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, आणि २० टक्क्यांनी वाढली तर दुपटीहून थोडा अधिक होतो. मात्र हा हिशेब एका सरळ नळीचा आहे. मेंदूत मोठ्या धमन्या, लहान धमन्या, केशवाहिन्या आणि शिरा एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे त्यांतील एकच टप्पा रुंद झाला तर एकूण प्रवाहातील वाढ यापेक्षा कमी भरते. शिवाय केशवाहिनीत तांबड्या पेशी एकेक करून, अंग वाकवत पुढे सरकतात, त्यामुळे तेथे रक्ताला एकसंध द्रव मानणे बरोबर होणार नाही.

निळी शाई

समांतर, ही पुरवणी आवश्यकच होती. साखळीतील टप्प्यांचा मुद्दा पुढेही लागेल, कारण केवळ शेवटची धमनी रुंद होऊन भागत नाही, तिच्या वरच्या धमन्यांनाही वेळेवर रुंद व्हावे लागते.

जिज्ञासू

मला दोन ठिकाणी अडखळायला झाले. एक, कॅल्शियम आकुंचन घडवते असे आपण म्हणता, पण कॅल्शियममुळेच उघडणारे पोटॅशियमचे चॅनेल धमनी सैल करतात असे मी वाचले आहे. मग कॅल्शियम नेमके कोणत्या बाजूचे? दोन, चेतापेशी काम करताना बाहेर पोटॅशियम सोडतात आणि त्या पोटॅशियममुळे रक्तवाहिनी रुंद होते असेही म्हणतात. बाहेर धन आयन वाढले तर पटलाच्या दोन बाजूंमधील संहतीचा फरक कमी होईल, पोटॅशियम बाहेर पडणे अवघड होईल आणि पेशीची ऋणता घटेल, असे माझे गणित सांगते. म्हणजे धमनी आवळायला हवी. माझे कुठे चुकते आहे?

निळी शाई

दोन्ही प्रश्न मर्मावर बोट ठेवणारे आहेत. पहिल्याचे उत्तर जागेत आहे. स्नायूपेशीच्या आत कॅल्शियमचे एक कोठार असते आणि त्याचा काही भाग पेशीपटलाला अगदी लागून असतो. या कोठारातून रायनोडिन ग्राहकांच्या, म्हणजे कोठाराच्या पटलातील कॅल्शियमच्या दारांच्या, वाटे अधूनमधून कॅल्शियमचा छोटा, क्षणिक फवारा बाहेर पडतो. त्याला कॅल्शियमची ठिणगी म्हणतात. व्हरमाँट विद्यापीठातील मार्क नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की ही ठिणगी आकुंचन घडवत नाही, उलट सैलावते. ठिणगीच्या अगदी जवळच्या चिंचोळ्या जागेत कॅल्शियम प्रचंड वाढते आणि तेथेच पटलात असलेले बीके चॅनेल उघडतात. बीके म्हणजे मोठ्या वाहकतेचे पोटॅशियम चॅनेल. एका वेळी त्यांपैकी अनेक उघडल्याने बरेच पोटॅशियम बाहेर जाते आणि संपूर्ण पेशी अधिक ऋण होते. पण ठिणगी इतकी स्थानिक असते की पेशीभर पसरलेल्या, मायोसिनपर्यंत पोहोचणाऱ्या कॅल्शियमची सरासरी तिने जवळजवळ हलत नाही. सर्वत्र पसरलेले कॅल्शियम आवळते आणि पटलाजवळच्या कोपऱ्यात क्षणभर चमकलेले कॅल्शियम सैलावते. आवळण्याची क्रिया जोरात होऊ लागली की कोठारही अधिक भरते, ठिणग्या वाढतात आणि ब्रेक आपोआप लागतो. या चॅनेलचा कॅल्शियमला दाद देणारा साहाय्यक घटक ज्या उंदरांत काढून टाकला होता त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला, यावरून या ब्रेकचे महत्त्व लक्षात यावे.

दुसऱ्या प्रश्नात आपले गणित चुकलेले नाही, फक्त त्यातून एक वस्तू सुटली आहे. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४० मिलिमोलर (हे संहतीचे एकक) आणि मेंदूतील बाहेरच्या द्रवात सुमारे ३ मिलिमोलर असते. यावरून पोटॅशियमचा समतोल विभव, म्हणजे ज्या विभवाला पोटॅशियमचे आत येणे आणि बाहेर जाणे समसमान होते तो, सुमारे उणे १०३ मिलिव्होल्ट येतो. बाहेरचे पोटॅशियम १० मिलिमोलर झाले तर तो सुमारे उणे ७० वर येतो. आपण म्हणता तसा तो खरोखरच वर सरकला. परंतु पेशी स्वतः उणे १०३ वर नव्हतीच, ती उणे ४० वर होती. उणे ७० हा आकडा अजूनही तिच्या खालीच आहे. मग तिला तिकडे ओढणारे चॅनेल किती उघडे आहेत एवढाच प्रश्न उरतो.

येथे केआयआर-२.१ हे पोटॅशियमचे चॅनेल येते. त्याची रचना अशी की पेशीच्या आतले मॅग्नेशियम आणि स्पर्मिनसारखे धन भार असलेले रेणू त्याच्या तोंडात बुचासारखे अडकतात. पेशी समतोल विभवाच्या बरीच वर असली की बूच घट्ट बसते. बाहेरचे पोटॅशियम वाढले की बूच सैल होते, आणि त्यामुळे ओढ थोडी उथळ झाली असली तरी ओढणारे हात कितीतरी वाढतात. परिणामी पेशी उणे ४० वरून खाली खेचली जाते, कॅल्शियमची वाट मिटते आणि धमनी रुंद होते. अगदी थोड्या बेरियमने हे चॅनेल बंद केले तर हा परिणाम नाहीसा होतो.

मात्र पोटॅशियम आणखी वाढत गेले तर आपले मूळ गणित खरे ठरते. २० मिलिमोलरला समतोल विभव उणे ५२ च्या आसपास आणि ६० मिलिमोलरला उणे २३ च्या आसपास येतो. ६० ला तो पेशीच्या उणे ४० च्याही वर गेलेला असल्यामुळे तेच चॅनेल पेशीला वर ओढतात, कॅल्शियम चॅनेल उघडतात आणि धमनी करकचून आवळते. आयन एकच, चॅनेलही एकच, पण पोटॅशियम किती वाढले आणि कोठून वाढू लागले यावर परिणामाची दिशा उलटते.

जिज्ञासू

आता उलगडले. पेशी कायम उणे ४० वर का ठेवली आहे, याचाही अर्थ आता लागतो.

अनुस्वार

निळी शाई यांच्या मांडणीला एक दुरुस्ती आणि एक भर सुचवतो.

दुरुस्ती अशी की ठिणग्यांचे बहुतेक काम मेंदूच्या पृष्ठभागावरील धमन्यांवर झालेले आहे. तेथून काटकोनात आत शिरणाऱ्या, मेंदूच्या ऊतीतील लहान धमन्यांमध्ये नेहमीच्या स्थितीत ठिणग्या क्वचितच दिसतात, तेथे कॅल्शियमच्या पेशीभर सरकणाऱ्या लाटा दिसतात. भोवतालचा द्रव आम्ल झाला की याच लाटांचे ठिणग्यांत रूपांतर होते, बीके चॅनेल उघडतात आणि धमनी रुंद होते, असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह वाढतो ही जुनी, दवाखान्यात रोज दिसणारी गोष्ट आहे, आणि तिच्यामागील अनेक कारणांपैकी हे एक असावे. पृष्ठभागावरचा ब्रेक सतत लागलेला असतो आणि आतला ब्रेक गरजेपुरता जागा होतो, हा फरक मला फार बोलका वाटतो.

भर केशवाहिन्यांविषयी घालायची आहे. इथवरची सर्व चर्चा स्नायूपेशींची झाली. परंतु मेंदूतील बहुतेक चेतापेशी धमनीपासून दूर आणि केशवाहिनीच्या अगदी जवळ असतात, साधारण १५ ते २० मायक्रोमीटरच्या आत. केशवाहिनीला स्नायूंचे कडे नसते, तिची भिंत म्हणजे अंतःस्तर पेशींचा एकच थर, त्यामुळे कित्येक वर्षे तिच्याकडे केवळ देवघेवीची नळी म्हणून पाहिले गेले. २०१७ मध्ये नेल्सन यांच्याच गटाने दाखवले की या अंतःस्तर पेशींत केआयआर-२.१ भरपूर आहे आणि केशवाहिनी संवेदकाचे काम करते. चेतापेशींनी सोडलेले पोटॅशियम केशवाहिनीच्या एका पेशीला अधिक ऋण करते. शेजारच्या पेशींशी तिचे थेट जोड असल्यामुळे ती ऋणता पुढच्या पेशीत पोहोचते, तेथील केआयआरचे बूच ऋणतेमुळेच सैल होते, आणि हा संदेश न विझता प्रवाहाच्या उलट दिशेने, सेकंदाला सुमारे दोन मिलिमीटर वेगाने वरच्या धमनीपर्यंत जातो. त्यांनी वरची धमनी आणि तिला जोडलेल्या केशवाहिन्या एकत्र वेगळ्या काढल्या, पोटॅशियम फक्त खालच्या केशवाहिनीच्या टोकाशी सोडले, आणि वरची धमनी रुंद झाली. ज्या उंदरांच्या अंतःस्तर पेशींत हे चॅनेल नव्हते त्यांच्यात तसे झाले नाही.

निळी शाई

दुरुस्ती मान्य आहे. मूळ लेखात मी सर्व धमन्या एकाच मापाने मोजल्या होत्या. केआयआर ऋणतेनेच अधिक उघडते हा गुण येथे निर्णायक आहे, कारण तसे नसते तर संदेश काही पेशींतच क्षीण होऊन गेला असता.

दक्षिणायन

हा धागा मी वैयक्तिक कारणाने वाचतो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या मेंदूच्या आवरणाखाली, धमनीला आलेला फुगा फुटून रक्तस्राव झाला. ते बचावले. रुग्णालयात त्यांना तीन आठवडे दर चार तासांनी निमोडिपिन दिले जात होते आणि मध्यरात्रीची गोळी मी स्वतः त्यांना देत असे. रक्तवाहिन्या आवळू नयेत म्हणून हे औषध आहे एवढेच तेव्हा सांगितले गेले. त्यापुढे विचारण्याचे बळ माझ्यात नव्हते आणि सांगण्याची सवड तेथे कोणाला नव्हती. हे औषध आपण म्हणता त्या कॅल्शियम चॅनेलवरच काम करते का? आणि रक्तस्राव झाल्यानंतर काही दिवसांनी धोका का वाढतो?

वैद्यकी

दक्षिणायन, वडील बचावले हे वाचून बरे वाटले. आपला प्रश्न तेव्हाच विचारला जायला हवा होता आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे होते.

होय, निमोडिपिन याच एल-प्रकारच्या कॅल्शियम चॅनेलला अडवते. हृदयातही हे चॅनेल आहेत, मग औषध रक्तवाहिन्यांवर अधिक प्रभावी का ठरते, याचे एक कारण या धाग्याच्या विषयातच आहे. हृदयाच्या स्नायूची पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये उणे ८५ ते उणे ९० मिलिव्होल्टपर्यंत जाते. रक्तवाहिनीची पेशी कायम उणे ४० च्या आसपास असते, त्यामुळे तिचे बरेच चॅनेल एका दमलेल्या, निष्क्रिय अवस्थेत असतात, आणि या वर्गातील औषधे त्या अवस्थेतील चॅनेलला अधिक घट्ट धरतात. ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस, ही या औषधाची प्रस्थापित पद्धत आहे. रक्तदाब घसरला तर मात्रा बदलावी लागते, म्हणून तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

ब्रिटनमधील ५५४ रुग्णांच्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. परंतु एक गोष्ट आमच्या क्षेत्राला दीर्घकाळ बुचकळ्यात टाकत आली आहे. धमन्यांच्या क्ष-किरण चित्रणात दिसणारे मोठ्या धमन्यांचे आवळणे या औषधाने फारसे कमी होत नाही, तरीही रुग्णांना लाभ होतो. म्हणजे औषधाचे काम चित्रणात न दिसणाऱ्या लहान धमन्यांत, किंवा थेट चेतापेशींवर, होत असले पाहिजे असे मानले जाते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाशी निळी शाई यांनी सांगितलेल्या पोटॅशियमच्या गणिताचा थेट संबंध आहे. मेंदूतील तारकापेशींची (ॲस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी) पावले लहान धमन्यांना वेढून असतात आणि त्यांच्या पटलातील बीके चॅनेलमधून धमनीलगत पोटॅशियम सोडले जाते. निरोगी स्थितीत ते ३ वरून १० मिलिमोलरच्या आतबाहेर जाते आणि धमनी रुंद होते. उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये असा रक्तस्राव घडवल्यावर २०१२ मध्ये आढळले की त्या पावलांतील कॅल्शियमची हालचाल वाढलेली असते, त्यामुळे धमनीभोवतीचे पोटॅशियम आधीच चढलेले असते, आणि चेतापेशींच्या कामाने त्यात नेहमीचीच भर पडली तरी रुंद होण्याऐवजी आवळणे सुरू होते तो उंबरठा ते ओलांडते. त्या भागातील चेतापेशींनी रक्त मागितले की धमनी आवळते. शिवाय रक्तस्रावानंतरच्या दिवसांत मेंदूच्या पृष्ठभागावरून पसरत जाणाऱ्या विध्रुवीकरणाच्या, म्हणजे पेशींची ऋणता नाहीशी होण्याच्या, लाटा उठतात. त्यांच्यात बाहेरचे पोटॅशियम ४० मिलिमोलरच्याही पुढे जाते, आणि आधीच दुखावलेल्या भागात अशा लाटेच्या मागोमाग रक्तप्रवाह वाढण्याऐवजी आटतो.

दक्षिणायन

मनापासून आभार. मागितल्यावर धमनी आवळते, हे वाचून त्या रात्री आठवल्या. आज निदान त्या गोळ्यांचा अर्थ कळला.

समांतर

परिपेशींचा, म्हणजे पेरिसाइटचा, उल्लेख अद्याप आला नाही. केशवाहिनीला स्नायूंचे कडे नसले तरी तिच्यावर या पेशी बसलेल्या असतात. त्या व्यास बदलतात का?

अनुस्वार

धमनीला लागून असलेल्या पहिल्या काही शाखांवरील परिपेशी स्पष्टपणे आणि बऱ्याच वेगाने आकुंचन पावतात, यावर आता फारसा वाद नाही. त्यांच्यापुढे, खोल केशवाहिन्यांवरच्या परिपेशींचे आकुंचन मंद असते. त्यांच्यात केएटीपी नावाचे पोटॅशियम चॅनेल विपुल आहेत. पेशीतील ऊर्जा घटली किंवा ॲडेनोसिनसारखे संदेश आले की ते उघडतात आणि पेशी ऋण होते, म्हणजे ऊर्जेच्या टंचाईची वार्ता देणारी ही वेगळी वाट आहे. मेंदूतील रक्तवाहिन्यांवरचे केएटीपी उघडणारे लेव्हक्रोमाकालिम हे औषध अर्धशिशीच्या रुग्णांना दिले असता जवळजवळ प्रत्येकाला झटका येतो असे २०१९ मध्ये आढळले. रक्तवाहिनी रुंद होणे नेहमी हितकारकच असते असे मानू नये.

जिज्ञासू

शेवटचा प्रश्न विचारतो. लहान रक्तवाहिन्यांच्या आजाराने स्मरणशक्ती आणि विचारशक्ती मंदावते असे म्हणतात. तेथे रक्तवाहिन्या बुजलेल्या असतात की त्यांचे चॅनेल बिघडलेले असतात?

निळी शाई

दोन्ही घडते, पण चॅनेलचा बिघाड बुजण्याच्या आधी सुरू होऊ शकतो, आणि म्हणूनच त्याकडे इतके लक्ष लागले आहे. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील नॉच-३ या जनुकातील दोषामुळे होणारा काडासिल हा आनुवंशिक आजार त्याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे. त्या आजाराचे प्रतिरूप असलेल्या उंदरांत केशवाहिन्यांतील केआयआर-२.१ ची प्रथिने जागेवर असूनही नीट काम करत नाहीत असे आढळले. हे चॅनेल उघडे राहण्यासाठी पेशीपटलात पीआयपी-२ नावाचा एक मेदरेणू लागतो आणि या उंदरांत तोच कमी पडलेला होता. बाहेरून पीआयपी-२ दिल्यावर केशवाहिनीचा संदेश पुन्हा वर जाऊ लागला आणि मिशांना स्पर्श केल्यावर होणारी रक्तप्रवाहाची वाढ पूर्ववत झाली. हे काम २०२१ मधील आहे आणि ते उंदरांतले आहे. माणसांसाठी त्यातून उपचार तयार झालेला नाही.

याच रेणूची दुसरी बाजूही आहे. अंतःस्तर पेशींतील टीआरपीव्ही-४ या चॅनेलला पीआयपी-२ दाबून ठेवते. त्यामुळे ते कमी झाले की एकीकडे केआयआर मंदावते आणि दुसरीकडे टीआरपीव्ही-४ मोकळे होऊन धन आयन आत येऊ लागतात. चेतापेशींचे काही संदेशवाहक रेणू निरोगी मेंदूतही थोड्या वेळापुरते पीआयपी-२ कमी करतात, आणि तेवढा वेळ केशवाहिनीचा विद्युत संदेश क्षीण राहून पुन्हा पूर्वपदावर येतो. काडासिलच्या उंदरांत ती घट भरून निघत नाही.